निशिगंधाचा डबा गेटवरच राहिला

कोलाडच्या पुढे हायवेला लागून एक मोठं थीम पार्क आहे. उंच घसरगुंड्या, गोल फिरणारे पाळणे आणि लाटांचं तळं असलेलं. तिथं गेलात, तर गेटबाहेर तुमच्या पिशव्या ज्याच्यावर उघडून बघतात तो मी, मित्रांनो. मी ऐनाच्या लाकडाचा एक जुना, लांब बाक आहे. आता माझ्यावर पिवळा रंग आहे. तो माझा मूळ रंग नव्हे.

माझा जन्म कोलाडजवळच्या खांब गावचा. तिथं हायवेच्या कडेला शकूमावशीची खानावळ होती. कमळाकर सुतारांनी मला खानावळीच्या मागं, सावलीत बसून बनवलं. काम करताना ते फारसे बोलत नसत. पाय बसवून झाल्यावर ते स्वतः माझ्यावर बसले, दोन्ही बाजूंना डुलून पाहिलं आणि म्हणाले, "हा हलायचा नाय." मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की पुढं एके दिवशी याच न हलण्याचं मला दुःख होईल.

खानावळीत माझे चांगले दिवस गेले. भात, वालाचं बिरडं, एखादी पालेभाजी आणि तांदळाची भाकरी एवढंच तिथं मिळे. येणाऱ्यांत कुणी माळकरी असे, कुणाचा उपास असे, कुणाला कांदा-लसूण चालत नसे. शकूमावशी आधी विचारायची आणि मगच वाढायची. त्यात आपण काही वेगळं करतो, असं तिला कधी वाटलं नाही. एकदा एक ट्रकवाला जेवून माझ्यावरच आडवा झाला. उठल्यावर म्हणाला, "मावशी, ह्यो बाक नाय, पलंग हाय." खानावळीत सगळे हसले होते.

मग हायवे रुंद करायचं काम आलं आणि खानावळ पाडली गेली. शकूमावशी लेकीकडे माणगावला गेली. मी रस्त्याच्या कडेला पडून राहिलो. पावसानं भिजलो, उन्हानं तडकलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. एका पायाला वाळवी लागली. पार्कचं बांधकाम करणाऱ्या ठेकेदारानं मला उचललं, पाय बदलला, पिवळा रंग फासला आणि गेटबाहेर आणून ठेवलं.

माझ्या डोक्यावर एक फलक आहे. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई.' त्यामुळं माझ्यावर रोज लाडू, चिवडा, केळी, उकडलेल्या शेंगा असं काय काय निघतं. लोक थोडी कुरकुर करतात, थोडं तिथंच उभ्यानं खातात, उरलेलं ठेवून आत जातात. गेटवर दत्तात्रेय नावाचे पहारेकरी आहेत. घरची भातशेती आहे, ती उरकली की ते इथं शिफ्ट करतात. आवाज चढवून बोलताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

त्या दिवशी मे महिन्यातलं कडक ऊन होतं. रोह्याच्या एका कंपनीची सहल आली होती. कामगार आणि त्यांची घरची माणसं बसमधून उतरली. मुलं तर आधीच फाटकाकडं धावत होती. सगळ्यांत मागं हरेश, त्याची बायको प्रतिक्षा आणि त्यांची मुलगी निशिगंधा होती. मुलगी तिसरी-चौथीतली असेल. तिच्या डोक्यावर पोहायची निळी टोपी घरापासूनच होती.

प्रतिक्षानं पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यावर ठेवला. अजून कोमट होता.

"दादा, एवढा एक डबा आत न्यायचाय," ती म्हणाली. "बाकी काय नाय आमच्याकडं. मुलीला दूध चालत नाय. दही, तूप, लोणी, काहीच नाय. पोटात गेलं तर अंगावर चट्टे येतात, श्वास लागतो. आणि आमच्या घरी मासमच्छीपण चालत नाय. सासऱ्यांनी माळ घातलीय."

दत्तात्रेयांनी डबा उघडून पाहिला. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, बिरडं होतं आणि वरच्या पुडात नारळाच्या रसातली खीर होती. सगळी मुलं आइस्क्रीम खातील तेव्हा आपल्या मुलीलाही काहीतरी गोड असावं, म्हणून आईनं ती पहाटे उठून केली होती. हे तिनं सांगितलं नाही. निशिगंधानंच सांगितलं.

"ताई, मला देता येत नाय हो," दत्तात्रेय म्हणाले. "थांबा, साहेबांना विचारतो."

त्यांनी फोन लावला. पलीकडून अक्षयसाहेबांचा, म्हणजे पार्कच्या व्यवस्थापकांचा, आवाज मलाही ऐकू आला. आत व्हेजचं वेगळं काउंटर आहे, जैन जेवणसुद्धा मिळतं, काळजीचं कारण नाही, असं ते म्हणाले. हरेश बायकोकडं वळला. "मिळेल गो काहीतरी. एवढं मोठं पार्क हाय. साधा वरणभात तरी असंलच ना."

कंपनीतले लोक आतून हाका मारत होते. प्रतिक्षानं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा दत्तात्रेयांच्या हाती दिला. त्यांनी तो माझ्याखाली, सावलीला ठेवला.

मित्रांनो, मला त्या वेळी एकच गोष्ट कळत होती. ज्या जेवणानं त्या मुलीला काहीही होणार नव्हतं, ते माझ्याखाली होतं, आणि मुलगी आत गेली होती.

दुपारी प्रतिक्षा फाटकाशी परत आली. मुलीचा हात धरलेला होता. दोघी भिजलेल्या होत्या. मुलीचे ओठ पाण्यात राहून पांढुरके झाले होते. फाटकाच्या आत त्या उभ्या आणि बाहेर मी, मध्ये फक्त लोखंडी फिरतं दार.

"दादा, आत कायच मिळंना," प्रतिक्षा म्हणाली. "व्हेजचं काउंटर हाय, पण पावभाजीत लोणी, सँडविचमध्ये चीज. डोशाला लोणी नको म्हटलं, तर म्हणाले पिठातच दही घातलंय. बटाट्याचे काप मागितले, तर ते चिकनच्याच तेलात तळतात. व्हेज म्हणजे दूध आलंच, असं धरून चाललेत सगळे. मी किती जणांना समजावू?"

"आणि ते जैन जेवण?"

"त्यात कांदा नाय एवढंच. वर पनीर."

दत्तात्रेय खाली वाकले, डब्याला हात लावला आणि तसेच थांबले. दारावर कॅमेरा होता. काही दिवसांपूर्वी काळुराम नावाच्या त्यांच्या जोडीदारानं एका म्हाताऱ्या बाईंना त्यांची शिदोरी आत दिली होती. दुसऱ्या दिवसापासून काळुराम कामावर दिसला नाही.

"ताई, तुम्ही बाहेर येऊन इथं बाकावर बसून जेवा," ते म्हणाले. "पण एकदा बाहेर आलात की मनगटावरचा तिकिटाचा पट्टा कापावा लागतो. मग परत आत नाय सोडता येत. तसा नियम हाय."

"लाटांचं तळं अजून चालू व्हायचंय," निशिगंधा हळूच म्हणाली. वर्गातल्या मैत्रिणींना तिनं सांगून ठेवलं होतं, की ती लाटेत उभी राहणार आहे.

दत्तात्रेयांनी पुन्हा फोन लावला. बराच वेळ वाजला. मग अक्षयसाहेब बोलले. एकाला परवानगी दिली की सगळेच मागतील, वरून त्यांनाच विचारणा होते, असं काहीसं. दत्तात्रेय "व्हय साहेब, व्हय" म्हणत राहिले.

निशिगंधानं आईचा हात ओढला. "आई, मला भूक नाय."

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रतिक्षा मुलीला घेऊन परत आत गेली. मला पाय आहेत, मित्रांनो, पण ते चालायचे नाहीत. मी तिथंच उभा राहिलो.

ऊन वाढत गेलं. सावली माझ्याखालून सरकली आणि डबा उन्हात आला. दत्तात्रेय गिऱ्हाइकांच्या गर्दीत होते. हळूहळू मला खीर आंबत असल्याचा वास येऊ लागला. मला झाकण उघडता येत नव्हतं की डबा बाजूला सरकवता येत नव्हता. कुणाला हाकही मारता येत नव्हती.

आतून लाटांच्या तळ्याचा भोंगा वाजला. मुलांचा मोठा कल्ला ऐकू आला. त्यात तीही असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि जरासा सुखावलो.

त्यानंतर फार वेळ गेला नसेल. हरेश मुलीला दोन्ही हातांवर घेऊन धावत येताना दिसला. तिची निळी टोपी कुठंतरी पडली होती. ओठ सुजले होते, गळ्यावर लाल चट्टे उठले होते. फिरत्या दारातून तिला घेऊन त्याला येता येईना.

दत्तात्रेयांनी कुणालाही फोन लावला नाही. बाजूचं गाड्यांचं मोठं गेट त्यांनी सताड उघडलं. हरेशनं तिला आणून माझ्यावर झोपवलं.

मी तेव्हा तिला इतक्या जवळून पाहिलं. तिच्या श्वासातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. तिचं अंग थरथरत होतं आणि ती थरथर माझ्या लाकडात उतरत होती. प्रतिक्षा औषधाची पिशवी घेऊन धावत आली. पिशवी लॉकरमध्ये होती, म्हणून उशीर झाला होता. तिच्या हातून बाटलीचं झाकण निघेना. दत्तात्रेयांनी ते काढून दिलं.

"काय खाल्लं तिनं?" त्यांनी विचारलं.

"वरणभात," हरेश म्हणाला. "नंतर दुसऱ्या काउंटरवर मिळाला, मीच नेऊन दिला. मी तीन-चारदा विचारलं, लोणी नाय ना, तूप नाय ना. काउंटरवरची पोरगी म्हणाली, फोडणी तेलाचीच हाय. निशूनं भुकेपोटी लगेच खाल्ला."

दत्तात्रेयांनी रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला. मुलीला उचललं तेव्हा तिनं माझी कड पकडली होती. तिच्या आईनं ती बोटं हळूच सोडवली. कमळाकरांचे शब्द मला आठवले. सगळे तिच्यासोबत गेले. न हलणारा मी तेवढा मागं राहिलो.

संध्याकाळी पार्क रिकामं झाल्यावर अक्षयसाहेब बाहेर आले. मला वाटलं होतं, ते कुणी मोठे, करड्या चेहऱ्याचे असतील. ते तरुण होते. ते माझ्यावर येऊन बसले. दत्तात्रेय बाजूला उभे होते. पोरीला दवाखान्यात इंजेक्शन दिलं, आता ती बरी आहे, असा हरेशचा फोन आल्याचं दत्तात्रेयांनी सांगितलं.

"भातात लोणी होतं," अक्षयसाहेब म्हणाले. "मोकळा व्हावा म्हणून आचारी घालतो. काउंटरवरच्या मुलीला माहीतच नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुमाला माहीत व्हतं?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"मलाही नव्हतं."

अक्षयसाहेब उठून आत गेले. दत्तात्रेयांची नोकरी राहिली. मोठं गेट उघडल्याबद्दल त्यांना कुणी शाबासकीही दिली नाही.

काही दिवसांनी हरेश डबा न्यायला मोटरसायकलवर आला. दत्तात्रेयांनी तो घरी नेऊन, घासून, उन्हात वाळवून आणला होता. हरेश थोडा वेळ माझ्यावर बसला.

"पोर कशी हाय?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"बरी हाय. पण आता बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाय. शेजारी समीक्षाचा वाढदिवस होता, तिची एकदम जवळची मैत्रीण. तर दारातूनच भेट देऊन आली. समीक्षानं आत ये म्हणून किती सांगितलं. मी रागावलो. मग वाटलं, रागावून काय करू? तिला भीती मीच लावली ना."

"तुमी नाय हो लावली," दत्तात्रेय म्हणाले. "मी त्या दिवशी डबा दिला असता, तर—"

"तुमची नोकरी गेली असती, काका."

"व्हय. ते तर हायच."

हरेश गेला. नंतर फलकाखाली एक छोटी पाटी लागली. 'पथ्याचे जेवण असल्यास कार्यालयात चौकशी करावी.' कार्यालय फाटकाच्या आत आहे. तिथवर डबा नेता येत नाही. दत्तात्रेय येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे समजावतात आणि लोक त्यांच्यावरच चिडतात. जेवण मात्र आत पूर्वीसारखंच आहे.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. मी नियम बदलू शकत नाही, भातातलं लोणी काढू शकत नाही. मोठ्या माणसांनाही ते जमलं नाही, हे मी पाहिलं. पण तुम्ही सहलीला जाल, तेव्हा जेवायच्या वेळी जरा आजूबाजूला बघा. सगळे खात असतात आणि एखादं मूल हात मांडीवर ठेवून बसलेलं असतं. त्याला हट्टी म्हणू नका. त्याला आपल्या ताटातला घासही लगेच पुढं करू नका. त्याच्या आईला किंवा बाईंना आधी विचारा. नाहीतर नुसते त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला एकटं वाटणार नाही, एवढं तुमच्या हातात आहे.

आणि कुणाच्या डब्यातल्या भाकरीला हसू नका. ती कुणीतरी पहाटे उठून, फार विचार करून भाजलेली असते.