विमलबाईंचा धुण्याचा दगड

युक्रेनची लेस्या आपल्या परसात, धुण्याच्या दगडाशेजारी पालथी पडून त्याच्या पोटाखाली टॉर्च मारतेय, हे पाहून विमलबाईंना आधी वाटलं, बाईचं कानातलं पडलं.

"काय हरवलं गं?"

"क्षमा असावी," लेस्या जमिनीवरूनच म्हणाली. "हा दगड आपला नसून कमानीचा आहे."

लेस्यानं मराठी पुण्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडून शिकलेलं. ते इतकं शुद्ध होतं, की तिनं नुसता चहा मागितला तरी विमलबाईंच्या नवऱ्याला, हिरामणला, नोटीस आल्यासारखं वाटायचं. सव्वीस वर्षं तिनं तिकडे जुन्या इमारती वाचवल्या होत्या. लाकडी चर्च, पाणचक्क्या, एक टाउन हॉल आणि एक तुरुंग. तुरुंगातल्यांनी अजून आभार मानले नव्हते. त्यातल्या चार इमारती युद्धात पुन्हा पडल्या. परत जाऊन त्या उभ्या करायच्या होत्याच; तोवर हात चालू राहावा म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं तिला कुंभिवलीजवळच्या या वाडीतली, विहिरीवरची दगडी कमान दिली होती.

कमान दिली म्हणजे कमानीची जागा दिली. कमान चाळीस वर्षांपूर्वी पडली, तेव्हा वाडीनं ती प्रसादासारखी वाटून घेतली होती.

सापडलेल्या दगडावर लेस्या लाल रंगानं आकडा टाकायची. आता लाल आकडा दिसला की रस्ता रुंद होणार आणि आकडेवाल्याला मोबदला मिळणार, हे इकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दोन दिवसांत लोक उंबरे, पायऱ्या, गोठ्यातले दगड स्वतःच विहिरीवर घेऊन आले. दोन पाटेही आले. वाडीतल्या पोशानं म्हैस आणली, "हिच्यावरबी टाका." गैरसमज उघडकीला आला तोवर पोशाचा उंबरा कमानीत बसला होता.

राहिला एकच. सगळ्यात वरचा, मधला. तो नसला तर बाकीचे दगड एकमेकांच्या अंगावर पडतात.

"मी नाय देणार," विमलबाई म्हणाल्या. "लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी बैलगाडीतनं आणला. चाळीस वर्षं बडवतेय मी त्याच्यावर."

"कपडे ना, मावशी?" झुहेबनं विचारलं.

"कपडेच रं. हे पळून जातात."

झुहेब खोपोलीचा मांडववाला. कमान सध्या त्याच्याच वाशांवर आणि फळ्यांवर टेकली होती. "गुरुवारी माझं लग्न हाय," तो म्हणाला. "म्हंजे मांडव माझा, लग्न दुसऱ्याचं. बुधवारी मी फळ्या काढणार. मग कमान राहील, नायतर विहिरीत जाईल."

त्यानंच ओट्याचा गुळगुळीत ग्रॅनाइट आणून दिला. विमलबाईंनी नाकारला, कपडा घसरून पायावर येतो. संस्थेनं वॉशिंग मशीन देऊ केलं. "त्याला सांगता येतं का, कॉलर नीट घास म्हणून?"

"मग आपणास कोणता दगड चालेल?" लेस्यानं विचारलं.

"हाच. पण दुसरा."

लेस्याचा चेहरा उजळला. हे वाक्य ती सव्वीस वर्षं सरकारी समित्यांकडून ऐकत आली होती. यावरच तिचं पोट चालायचं.

तिनं दगडाची मापं घेतली. उतार, साबणाचा खळगा, हिरामणनं कोयता पाजळून झिजवलेला कोपरा. डावी बाजू जास्त खोल का, हे तिला कळेना.

"सासूबाई होत्या तवा तिकडं जोर जायचा," विमलबाई म्हणाल्या.

लेस्यानं नकाशात लिहिलं: पहिला कालखंड, सासूबाई.

मग काळा दगड आणून ती छिन्नी घेऊन बसली. सोमवारी विमलबाईंनी त्यावर पहिल्यांदा धुऊन पाहिलं. "फेस डावीकडं जातोय. माझा उजवीकडं जातो." मंगळवारी सकाळी: "आवाज बोदा हाय." संध्याकाळी त्यांनी हिरामणचा शेतातला शर्ट घेतला, घासला, आपटला, पिळला. झुहेब मनातल्या मनात फळ्या मोजत होता.

"चालंल," विमलबाई म्हणाल्या.

मंत्र्यानं पदक दिलं तेव्हा कोरडी राहिलेली लेस्या आता नाक ओढायला लागली. विमलबाईंनी तिला तोच शर्ट पुढे केला. नाहीतरी ओला होता.

बुधवारी जुना दगड कमानीच्या डोक्यावर बसला. झुहेबनं एकेक करून फळ्या काढल्या आणि शेवटची काढून तो सरळ टेंपोत जाऊन बसला. कमान उभी होती. पण खाली जायला कुणी तयार होईना.

"बांधणाऱ्यानं प्रथम खाली उभं राहावं," लेस्या म्हणाली आणि निघाली. विमलबाईंनी तिला कोपरानं बाजूला सारलं.

"तू कालची. मी बडवलाय त्याला. पडायचा असता तर कवाच पडला असता."

त्या कमानीखाली जाऊन उभ्या राहिल्या. वर पाहिलं. चाळीस वर्षं मातीत तोंड खुपसून बसलेली दगडाची दुसरी बाजू त्यांना पहिल्यांदाच दिसत होती. तिच्यावर कमळ कोरलेलं होतं, पाकळी न् पाकळी उठावाची.

विमलबाई मान वर करून एकेक पाकळी न्याहाळत राहिल्या. लेस्याला वाटलं, त्यांचा ऊर भरून आला.

"अगं, ही बाजू असली खरबरीत हाय व्हय!" विमलबाई म्हणाल्या. "आन् मी आपली पालथ्या बाजूवर घासत बसले. कॉलरी कशा झटक्यात निघाल्या असत्या! उतरव गं तो."

हिरामण हळूच झुहेबच्या टेंपोमागे सरकला. लेस्यानं कमानीकडे पाहिलं, मग विमलबाईंकडे, आणि पिशवीतून छिन्नी काढली.

"नव्या दगडावर किती पाकळ्या हव्यात?"

विमलबाईंनी विचार केला. "वीस टाक. ह्यांच्या कॉलरी लय मळतात."