न गळलेली नाळ

सव्विसावा दिवस उजाडला तरी बाळाची नाळ पडली नव्हती. सुईण रोस्मियातीनं दुपटं बाजूला केलं आणि ती बघतच राहिली. सेंगकांगजवळच्या या गावात एकोणीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या तिला असलं काही क्वचितच दिसलं होतं. बेंबीभोवती लालभडक झालेलं, अंग तापलेलं, पण पुवाचा टिपूसही नाही.

"चिवट आहे आमचा नातू," बाळाच्या आईची, तेन्रीची, सासू म्हणाली. "उगाच घाबरवू नका पोरीला!"

रोस्मियातीला तेन्रीचा आधीचा मुलगा आठवला. त्याचीही नाळ अशीच रेंगाळली होती. तिनं पुसायचं औषध दिलं होतं. दोन महिन्यांत तो गेला.

"तेन्री, ऊठ. मकास्सरला जायचंय."

"आत्ता? भात चुलीवर आहे, ताई."

"सासूबाई उतरवतील."

मकास्सरच्या इस्पितळात रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी नेहमीच्या कितीतरी पट निघाल्या.

"मग जंतू मरत का नाहीत?" रोस्मियातीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"या पेशी रक्तातून वाहत जातात. जखमेपाशी आलं की रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं आणि बाहेर पडायचं. चिकटायला अंगावर एक प्रथिन लागतं. याच्या पेशींवर ते नाहीच. म्हणून रक्तात झुंबड आणि जखमेत कुणी नाही. पूसुद्धा लढून मेलेल्या पेशींचाच असतो ना!" मग त्या तेन्रीकडे वळल्या. "नवरा नात्यातला?"

"काकांचाच मुलगा."

"दोघांकडूनही तोच दोष आला. तुमची चूक नाही."

औषधांवर बाळ तगलं. पाच वर्षांच्या बहिणीची, बेस्सेची, अस्थिमज्जा जुळली. क्वालालंपूरच्या मोठ्या इस्पितळात ती बाळाला दिली. काही महिन्यांनी बाळाच्या मांडीवर पुवानं भरलेली पुळी आली, तेव्हा सासूनं ती शेजारणींना बोलावून दाखवली.

त्याच आठवड्यात रोस्मियाती तेन्रीकडे गेली. "आधीच्या वेळीही मी नाळ पाहिली होती," ती म्हणाली. "मला कळलं नाही, गं."

तेन्रीनं बाळाचं दुपटं सारखं केलं.

"तो गेल्यावर मी वर्षभर तुमचं नाव घेत नव्हते," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला पोटात असतानाच तपासता येतं म्हणे. माझ्याबरोबर याल?"

"येईन," रोस्मियाती म्हणाली.