तिकडची पेटी

मित्रांनो, मी एका जुन्या रहाटपाळण्याची चौथी पेटी आहे. आज माझ्यात माणसं बसत नाहीत, पुस्तकं बसतात. पण ही बढती मला आयती मिळालेली नाही.

सिंदीच्या एका सुताराने आम्हा चौघी बहिणींना एकाच सागवानातून घडवलं. आमचा मालक डोमाजी. त्याने तिघींवर हिरवे पोपट रंगवले आणि मला नुसता गेरू फासला. आमचं चाक हातांनी ढकलून फिरवायचं. गाव बदललं, जत्रा बदलली, तरी डोमाजीचा नियम बदलला नाही. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी फक्त माझ्यात बसायचं. त्यामुळे मला सगळे 'तिकडची पेटी' म्हणत. त्या नावाचं मला फार वाईट वाटे.

गंमत पाहा. रहाटपाळण्यात समोरासमोरच्या पेट्यांचं वजन सारखं लागतं. माझ्या समोर दुसरी पेटी. ती रिकामी असली तर माझ्यातली माणसं वर जाईनात, आणि मी रिकामी असले तर तिच्यातली. वर्षानुवर्षं इकडची माणसं तिकडच्यांना आणि तिकडची इकडच्यांना तोलून धरत होती. हे मात्र कोणाच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

नाचणगावच्या जत्रेत दर हिवाळ्याला वस्तीतली तानाबाई यायची. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जाणारी, चौथीपर्यंत शिकलेली तरणी बाई. तिला वेड दोनच गोष्टींचं: पुस्तकं आणि पाळणा. माझ्यात बसून ती मैत्रिणीला, कांताला, सांगायची, "वर गेल्यावर पोटात जो गोळा येते नं, थो मले चांगल्या पुस्तकातबी येते. थे लाकडाचे घोडे मले नाई आवडत. गोल गोल फिरवते अन् तिथंच उतरवते. काही पुस्तकंबी तशीच असते." कांता हसून लोटपोट व्हायची. मी मात्र कान देऊन ऐकायचे. आपणही काहीतरी चांगलं काम करतो, असं मला तिच्यामुळेच वाटू लागलं.

छप्पन सालच्या दसऱ्याला तानाबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्या हिवाळ्यात ती जत्रेत आली ती पांढरं लुगडं नेसून, काखेत पुस्तक घेऊन. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. थेट दुसऱ्या पेटीत जाऊन बसली. खरं सांगते, आधी मला रागच आला.

तिला पाहताच बाजूच्या दोन पेट्यांतली माणसं भराभर उड्या टाकून उतरली. डोमाजी धावत आला.

"उतर वं बाई. तुह्यी पेटी तिकडं आहे."

"आता इकडं-तिकडं काही नाई, भाऊ. माणसाची पेटी आहे, माणूस बसला."

"अवं, सामोर वजन नाई तर चाक फिरत नाई. तुह्या सामोर कोण बसन?"

"बसन कोणी तरी. मले घाई नाई. पुस्तक आहे संगं."

तिने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. बापाला शोधायला भर पुरात एकटीनेच डोंगा घालणाऱ्या कोळ्याच्या पोरीची ती गोष्ट होती. लोकांनी टोमणे मारले. कोणी शीळ घातली. मी वर रिकामीच टांगलेली होते. तिथून मला सगळं दिसत होतं. पण तिने ओळ सोडली नाही. हळूहळू गोष्ट रंगली आणि टोमणे विरले. जे पाठ फिरवून उभे होते, तेही वळले. भांडायला आलेला डोमाजी तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

डोंग्याच्या तळाला भोक पडलं. पाणी पोरीच्या गुडघ्याला लागलं. आणि तानाबाईने पुस्तक मिटलं.

"मंग? बुडाली का वाचली?" गर्दीतून म्हाताऱ्या रुख्माबाईने विचारलं. ती गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली. तिच्या शब्दाला मान होता.

"पुढचं वर गेल्यावर वाचीन, मावशी."

मला धडकी भरली. आता हिला हाताला धरून ओढतील, असंच वाटलं. तानाबाई तशीच बसून राहिली, मिटल्या पुस्तकात बोट घालून.

रुख्माबाईने पदर खोचला. "डोमाजी, थे वरची पेटी खाली आण."

"मावशी, थे तं तिकडची..."

"लाकडाचीच आहे नं? मले त्या पोरीचं काय झालं थे ऐकाचं आहे. आण म्हणते नं!"

डोमाजीने खांदा लावून मला खाली आणलं, तशी तानाबाई वर गेली. रुख्माबाई माझ्यात बसली. तिच्या घरचं माणूस पहिल्यांदाच माझ्यात बसत होतं. चाक फिरू लागलं. "जोरानं वाच वं पोरी, वाऱ्यानं शब्द उडून राह्यले!" ती ओरडायची आणि खाली लोक हसायचे. ऐकता ऐकता डोमाजी चाक ढकलायचं विसरला की दोघी मिळून त्याला दटावायच्या. कोळ्याची पोर वाचली. पदर कोंबून तिने भोक बुजवलं होतं.

त्या दिवशी सगळेच बदलले असं नाही. काहीजण तोंड वाकडं करून गेले. रुख्माबाईला घरी बोलणी खावी लागली म्हणे. पण दुसऱ्या दिवशी डोमाजीने गुपचूप माझ्यावरही एक पोपट काढला. जरा तिरळा आहे, पण माझा आहे.

पुढे विजेवर फिरणारे मोठे पाळणे आले आणि डोमाजीने चाक मोडायला काढलं. सरपण व्हायची वेळ आली होती माझी. तेवढ्यात तानाबाई आली. "मले तिकडची पेटी पाह्यजे," म्हणाली. आज मी वस्तीच्या वाचनालयात आहे. त्या नावाचं मला आता वाईट वाटत नाही.

मित्रांनो, पुस्तकाची पानं दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका. कोणाला तिकडचं म्हणून दूर बसवू नका. आणि वाचाल तेव्हा जरा मोठ्याने वाचा. समोरच्या पेटीत कोण ऐकायला येऊन बसेल, सांगता येत नाही.