पाहुण्यांना दिलेला बॉल

मित्रांनो, आमच्या क्लबच्या दारातून आत शिरलात की डाव्या हाताला एक काचेचं कपाट दिसतं. त्यात चषक आहेत, फोटो आहेत आणि मधोमध, मखमलीच्या गादीवर, एक जुना बास्केटबॉल आहे. तो मी. खालच्या पितळी पट्टीवर लिहिलंय, 'अमेरिकन मित्रांकडून सप्रेम भेट'. शाळेची मुलं काचेला नाक लावून माझ्याकडे बघतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते ऐका.

मी मूळचा अमेरिकेतला, अस्सल कातड्याचा. आयोवातल्या वॉलब्रुक कॉलेजात आलो तेव्हा माझा रुबाब काही औरच होता. दोन सीझन मी सामन्याचा बॉल होतो. मुलं फ्री थ्रोच्या आधी मला तळहातावर फिरवायची आणि सगळा हॉल चिडीचूप व्हायचा. पुढे माझ्यावरचे दाणे झिजले आणि माझी रवानगी सरावाच्या रॅकवर झाली. तिथवरही ठीक होतं. पण एका उन्हाळी शिबिरात मला बाहेर सिमेंटवर खेळवलं आणि तसंच गवतात विसरून गेले. पावसात भिजून कातडं फुगलं, एका अंगाला पोट आलं, व्हॉल्व्ह सैल झाला. तेव्हापासून हवा भरली की थोड्याच वेळात अर्धी गायब. मला टाकूनही कुणी दिलं नाही. रॅकच्या गर्दीत मी तसाच राहिलो.

दर नोव्हेंबरात, सीझन सुरू होण्याआधी, आमच्याकडे एखादा फिरता संघ प्रदर्शनीय सामना खेळायला यायचा. कधी कॉलेज संपवून नोकरीला लागलेले खेळाडू व्हॅनमधून यायचे, तर कधी परदेशी संघ. त्या वर्षी हंगेरीतला एक क्लब आला. बिचारे रोज नव्या गावात खेळायचे, बसमध्ये झोपायचे आणि बर्गर खाऊन दिवस काढायचे.

आमचे कोच रॅडमाकर मुलांना म्हणाले, "हा सामना हिशेबात धरत नाहीत रे. नवे बॉल बाहेर काढू नका. पाहुण्यांना सरावाला जुने द्या."

म्हणून मी पाहुण्यांच्या रॅकवर गेलो. त्यांच्यापैकी कुणीतरी मला उचललं आणि जमिनीवर आपटलं. मी थप्प करून तिथेच बसलो. त्या माणसानं अंगठ्यानं माझं पोट दाबून पाहिलं आणि मला खालच्या कप्प्यात ठेवून दिलं. तो कोण होता, मी पाहिलं नाही. अशा वेळी समोरच्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होत नाही.

मग दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले. राष्ट्रगीतं झाली. आमची मुलं हस्तांदोलन करून मोकळी व्हायच्या बेतात होती. तेवढ्यात पाहुणे पुढे सरकले, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. कुणी बिल्ला दिला, कुणी लाल मिरचीपुडीची पुडी, कुणी कापडी बाहुली. त्यांचा कप्तान इम्रे कानशिलांवरचे केस पिकलेला माणूस होता. त्यानं आमच्या कप्तानाच्या, वेंडेल क्रूगरच्या हातात एक पांढरं कापड ठेवलं. त्यावर लाल फुलं भरलेली होती.

"माझी आई," इम्रे तुटक इंग्रजीत म्हणाला. "तिनं भरलं. तुझ्यासाठी."

आमची मुलं रिकाम्या हातांनी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. वॉलब्रुक हे शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत न करणारं गाव. वेंडेलची आई लव्हॉन तिसऱ्या ओळीत बसली होती. तिनं तोंडावर हात ठेवला. वेंडेलनं कोचकडे पाहिलं. कोच नेमके बुटाची नाडी बांधत होते.

वेंडेलचे कान लालभडक झाले. तो वळला, रॅकपाशी गेला आणि हाताला लागेल तो बॉल उचलला. मित्रांनो, त्याच्या हाताला लागलो मी.

"हा... आमच्या कॉलेजकडून," असं म्हणून त्यानं मला पुढे केलं.

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. "अरे, त्याला पोट सुटलंय!" मागून एक जण ओरडला आणि सगळी गॅलरी हसू लागली. मला वाटलं, या लाकडी जमिनीनं मला गिळून टाकावं. इम्रेनं मात्र मला दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि तोही हसला. मी म्हटलं, या भोळ्या माणसाला आपली थट्टा चाललीय हेसुद्धा कळत नाही.

सामना आम्हीच जिंकलो, पण वेंडेलचं खेळात लक्ष नव्हतं. पाहुणे बसमध्ये चढत होते तेव्हा तो धावत आला. त्याच्या बगलेत कोरा करकरीत सामन्याचा बॉल होता.

"साहेब, चूक झाली. तो द्या, हा घ्या."

"का?" इम्रे म्हणाला. "तू दिला ना? मग हाच माझा. चांगला बॉल."

बसचं दार लागलं. वेंडेल नवा बॉल घेऊन तिथेच उभा राहिलेला मला काचेतून दिसला.

तेव्हापासून मी इथे हंगेरीत, इम्रेच्या क्लबात, गादीवर आहे. सन्मानाचा एकेक दिवस मला चटका देतो. हॉलची देखभाल करणारी पिरोश्का अधूनमधून मला पंप मारते आणि बडबडते. परवा तिच्यानं राहवलं नाही. इम्रे आता काठी टेकत येतो. तो आल्या आल्या ती म्हणाली, "इम्रेदादा, रागावू नकोस, पण तुझ्या अमेरिकनांनी तुला चांगलाच गंडवला. हा बॉल कुत्रं हुंगणार नाही."

"ठाऊक आहे," इम्रे म्हणाला. "सरावात मीच त्याला खालच्या कप्प्यात ठेवला होता."

पिरोश्काच्या हातातला पंप थांबला. "आणि तरी कपाळाला लावलास?"

"मग काय करणार? त्या पोराचे कान लाल झाले होते. तिसऱ्या ओळीत एक बाई तोंड लपवून बसली होती, तिचेही कान तसेच लाल. आई असणार. आईदेखत पोराला कसं उघडं पाडायचं?"

"बरं, नंतर तो नवा घेऊन आला होता असं तूच नेहमी सांगतोस, तो तरी घ्यायचास!"

"घेतला असता, तर मला कळलं होतं हे त्याला कळलं असतं. मग तो पोरगा झोपला असता का?"

"तुझं मन मोठं, पण नवा बॉल गेला तो गेलाच," पिरोश्का म्हणाली आणि ॲप्रनला डोळे पुसायला लागली.

इम्रेनं हात पुढे करून अंगठ्यानं माझं पोट दाबलं. तो अंगठा मी लगेच ओळखला. इतकी वर्षं मला माझ्या फुगलेल्या पोटाची लाज वाटत होती. आता याची वाटते, की या माणसाला मी भोळा समजलो.

मित्रांनो, खेळून झालं की बॉल घरात आणा, ओला ठेवू नका. सामना हिशेबात नसला तरी पाहुणा हिशेबात असतो, हे विसरू नका. आणि कधी कुणी तुमच्या हातात फुसका बॉल ठेवलाच, तर आधी त्याच्या कानांकडे बघा.

माझं म्हणाल, तर पिरोश्कानं हवा भरली की मी ती जिवाच्या आकांतानं धरून ठेवतो. जास्त वेळ जमत नाही. पण इम्रे काठी टेकत कपाटासमोरून जाईपर्यंत तरी गोल राहतो.