जावयाने आणलेला प्रोग्राम

सासूबाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं खाली मान घालून ऐकत होत्या. त्याने तिसऱ्यांदा समजावलं, की कॉम्प्युटरातल्या भरतकामाच्या सगळ्या नक्षींना कुलूप लागलंय आणि किल्ली चोरांकडे आहे.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भरतकामाची चार यंत्रं. पूर्वी सासूबाई पातळ कागदावर हाताने नक्षी काढायच्या. त्यांची वेल अशी वळायची, की बघणाऱ्याची मानही तिच्यामागे वळावी. पुढे हात कापायला लागले, तेव्हा सुनेने एकेक कागद कॉम्प्युटरात घेऊन त्यावर टाका न् टाका बसवला. तीन वर्षं खपली बिचारी. मग दोऱ्याच्या रिळांना कपाट हवं म्हणून सासूबाईंनी स्वतः उभं राहून सगळे कागद रद्दीत घातले. आता कशाला ते झुरळांचं माहेर, म्हणाल्या.

वर्षापूर्वी जुना मोडीत देऊन कॉम्प्युटर नवा घेतला आणि नक्षीचा जुना प्रोग्राम त्यावर चालेना. सुनेने दोन वाटा शोधल्या. एक प्रोग्राम बनवणारेच राजीखुशीने फुकट देत होते. दुसरा छोटा, महिन्याच्या भाड्याचा, पण भाडं दोऱ्याच्या एका खोक्याहून कमी. सासूबाईंनी दोन्हींना नाक मुरडलं. फुकट वाटतात ते न खपणारंच असतं, आणि भाड्याने घ्यायला आपण काय उघड्यावर पडलोय?

तेवढ्यात जावई आले आणि त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. मोठे कारखाने वापरतात तोच प्रोग्राम, फक्त कुलूप तोडून फुकट केलेला. बसवताना कॉम्प्युटर सारखा धोका धोका म्हणून ओरडायला लागला. जावई म्हणाले, तो व्हायरस पकडणारा राखणदार तेवढा बंद करा. सुनेचा हात थांबला.

"आई, राखणदाराला झोपवून ज्याला आत घ्यावं लागतं, तो पाहुणा कसला?"

"धर्माची गाय आणि दात का गं नाय?" सासूबाईंनी तिला जावयासमोरच झापलं. "माझा जावई काय दरोडेखोर आहे?"

सुनेने मुकाट्याने राखणदार बंद केला. दर शनिवारी ती सगळ्या नक्षींची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर उतरवायची. ती डिस्क जोडूनच ठेव, सारखी काढघाल कशाला, हा हुकूमही सासूबाईंचाच. म्हणून त्या प्रोग्रामातून शिरलेल्या चोरांनी कुलूप लावलं ते दोन्हीकडे एकदम.

चोर मागतायत ती खंडणी दिली तर कुलूप सुटेल का, असं सासूबाईंनी दुरुस्तीवाल्याला विचारलं. चोर शब्दाला जागतात असं मी तरी पाहिलं नाही, एवढं बोलून तो आपली पिशवी आवरायला लागला. जावयांना फोन लावला, तर आमच्याकडे छान चालतो, तुमच्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलं असेल, म्हणाले. एरवी सासूबाईंनी समोरच्याची सालटी काढली असती. पण आपलेच दात, आपलेच ओठ. लेकीची खुशाली विचारून त्यांनी फोन ठेवला.

सुनेने कॉम्प्युटर कोरा करून घेतला आणि तो फुकटचा प्रोग्राम बसवला. चांगला होता मेला, राखणदारही हूं की चूं करेना. घरात सापडलेल्या दोन विटक्या उशांवरून दोन नक्षी परत उतरल्या. बाकीचं कापड कधीच गिऱ्हाइकांच्या घरी गेलेलं. उरलेल्या नक्षी होत्या त्या सासूबाईंच्या डोक्यात.

म्हणून त्या सुनेशेजारी खुर्ची ओढून बसल्या. डावीकडून घे, आता पोट दे, एवढं नको, अगं अंग चोरतेय ती, असं सांगत राहिल्या. सून पुसायची, पुन्हा काढायची. शेवटी माउस त्यांनीच हातात घेतला, तर रेघ करवतीसारखी दातेरी आली. तो त्यांनी परत सुनेकडे सरकवला.

दुपार उलटायला आली तेव्हा सुनेने एक वळण काढून विचारलं, "अशीच होती ना, आई?"

सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं.

"मला सांगता येत नाही गं," त्या म्हणाल्या.

सुनेने ती रेघ तशीच ठेवली आणि पुढचं पान काढायला घेतलं.