पानावर काय वाढायचं

मॉरिशसातल्या व्हाक्वा गावच्या मराठी लोकांत बलरामच्या जिभेला मोठा मान होता. चहाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस तो. एक घोट घेतला की पत्ती कोणत्या उतारावरची, पावसाआधी खुडली की नंतर, सगळं सांगायचा. लग्न असो की गणपती, मोठ्या पातेल्यातली पहिली पळी त्याच्याकडे यायची. मग तो डोळे मिटून ‘मीठ’ किंवा ‘चिंच’ एवढा एकच शब्द बोलायचा आणि आचारी मुकाट्याने तेवढं घालायचे. अशा माणसाला आपल्या बायकोला काय आवडत होतं ते सांगता येऊ नये, हे कुणाला खरं वाटलं नसतं. त्याला स्वतःलाही वाटलं नाही.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. कुंतीला जाऊन वर्ष होत आलं होतं. येत्या बुधवारी वर्षश्राद्ध होतं, म्हणून लेक कामिनी सासरहून, शेजारच्या कात्र बोर्न गावाहून, चार दिवस आधीच आली होती. ओट्यावर डाळ निवडता निवडता तिने विचारलं,

“बा, आयच्या पानावर काय वाढायचं? तिच्या आवडीचं एक तरी पायजे. कृष्णदेवकाका बजावून गेलेत.”

“त्यात काय एवढं? फणसाची भाजी कर. भोपळ्याची खीर कर.”

“ती तुला आवडते.”

“मग वांगं.”

“ते बी तुलाच.”

बलरामने आणखी दोन-तीन नावं घेतली आणि कामिनी प्रत्येक वेळी नुसती मान हलवत राहिली. शेवटी तो चिडला. “मग तूच सांग की! लेक हायस ना तिची?”

“मला कसं ठावं असंल? आपन समदी जेवून उठल्यावर ती जेवायची. काय उरलं असंल ते खायची. मी कदी बघितलंच न्हाय.” कामिनीला रडू यायला लागलं की मराठी सुटायची आणि बेटावरची क्रिओल बोली तोंडात यायची. “आयो बा, मो पा कोने,” ती म्हणाली. मला नाही ठाऊक.

बलराम अंगणात जाऊन बसला. राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. कृष्णदेवकाका हे वस्तीतले वडीलधारे. पुरोहिताला वेळ नसला की श्राद्धं तेच करत, आणि त्यांचे नियम पुरोहितापेक्षा कडक. आधी पान मृताचं. अन्न ताजं, कुणी न चाखलेलं. आणि त्यात आवडीचा पदार्थ नसेल, तर आलेला जीव अर्धपोटी परत जातो. बलरामचा या गोष्टींवर पुरता विश्वास होता असंही नाही. पण कुंती दारापर्यंत यावी आणि अर्धपोटी परत जावी, ही कल्पना त्याला सोसवेना.

मग त्याला शनिवार आठवले आणि जीव भांड्यात पडला. शेवटची बारा वर्षं दर शनिवारी सकाळी कुंती बाजाराला जायची. परत आली की हातात भाजीची टोपली आणि त्याच्यासाठी कागदात गुंडाळलेली एक दालपुरीची जोडी. बलराम विचारायचा, “तू खाल्लीस का?” आणि ती म्हणायची, “मी तिथं खाल्लं.” म्हणजे बाजारात ती खात होती! कुठे तरी, कुणाकडे तरी बसत असणार. ज्याच्याकडे बसत असेल, त्याला ठाऊक असणार. त्याने कपाटातून कामिनीच्या लग्नातला कुंतीचा फोटो काढला, कोटाच्या खिशात घातला आणि निघाला.

एकाच गावात आयुष्य गेलं, पण बाजारातल्या खानावळींचे उंबरे बलरामने कधी ओलांडले नव्हते. “बाहेरचं म्हणजे शिळ्या तेलातलं,” असं तो म्हणायचा, आणि घरी कुंतीच्या हातचं असताना त्याला गरजही पडली नव्हती. आता तो बस स्टँडपासून एकेक दुकान घेत निघाला. त्या दिवशी व्हाक्वाची नेहमीची झिमझिम होती. छपरांवरून पाणी गळत होतं आणि प्रत्येक दारातून वेगळा वास येत होता. कुठे तळलेला लसूण, कुठे उकळत्या दुधाचा चहा, कुठे गातो पिमांचा घाणा. वाटल्या डाळीची ती भजी पावात घालून माणसं उभ्या उभ्या खात होती. बलरामने एक घेऊन चाखलं. मीठ बरोबर होतं. आपण इतकी वर्षं उगीच नाक मुरडलं, असं त्याच्या मनात आलं.

भजीवाल्याने फोटो पाहिला आणि ओळख पटल्यासारखा हसला. कधी कधी पाऊस आला की त्या इथं वळचणीला थांबायच्या, म्हणाला. खायच्या का? नाही. नुसत्या उभ्या राहायच्या.

पुढे कोपऱ्यावर एका चिनी म्हातारीचं छोटं हॉटेल होतं. चार टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, आणि आत मोठ्या कढईत नूडल्स परतल्या जात होत्या. मॉरिशसात त्यांना मिन म्हणतात. बलराम बसला, एक बशी मागवली आणि पहिल्याच घासाला त्याचा हात थांबला. ही चव त्याच्या ओळखीची होती. हाच कांद्याच्या पातीचा कुरकुरीतपणा, हीच शेवटी घातलेली अंड्याची पट्टी. कुंती अगदी अशीच करायची. तो कारखान्यात फुशारकी मारायचा की चिनी लोकांनी माझ्या बायकोकडून शिकावं.

म्हातारी जवळ आली तसा त्याने फोटो पुढे केला.

“अरे, ही तर माझी शिष्या!” ती क्रिओलमध्ये म्हणाली आणि खुर्ची ओढून बसलीच. “मिन एकमेकाला चिकटू नयेत म्हणून काय करू, विचारायची. मग तेल आधी की पाणी आधी, ते विचारायची. दाराशी उभी राहून माझा हात बघायची. हुशार बाई. कशी आहे?”

“गेली. वर्ष झालं.”

म्हातारीने तोंडावर हात ठेवला. मग बलरामने विचारायचं ते विचारलं. इथं बसून ती काय खायची?

“खायची? नाही हो. मी किती वेळा म्हटलं, बस, बशीभर देते. म्हणायची, एकटी कशी बसू? नवऱ्याला घेऊन येईन एखाद्या दिवशी.”

बलरामने बशी संपवली नाही. अन्न टाकून उठायची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. बाहेर आला तेव्हा पावसात भिजतोय हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नाही. कुंतीने त्याला तसं कधी म्हटलं होतं का, ते तो आठवू लागला. म्हटलं होतं. एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, भाजी चिरता चिरता. आणि त्याने उत्तर दिलं होतं, तुझ्या हाताला काय झालंय?

उरला होता दालपुरीवाला. हरिप्रसाद बाजाराच्या फाटकाशी सायकल लावून उभा असायचा. मागच्या कॅरियरवर पेटी, पेटीत फडक्यात गुंडाळलेल्या ऊन पोळ्या. डाळीचं पुरण भरलेल्या पातळ पोळ्या, त्यावर मोठ्या वालांचा रस्सा, टोमॅटोचा रस आणि मिरचीची चटणी. मॉरिशसात दालपुरी एक कुणी विकत नाही आणि एक कुणी मागत नाही. जोडीच घ्यायची, दोन एकावर एक.

हरिप्रसादला फोटो दाखवावाच लागला नाही. त्याने बलरामकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, “तुम्ही मिरचीवाले ना?”

“कोण मिरचीवाले?”

“त्या बाई यायच्या दर शनिवारी. एक जोडी. म्हणायच्या, मिरची सढळ हाताने घाल, त्यांना लागते. तुमच्यासारखाच कोट सांगायच्या, तुमच्यासारखंच कपाळ. वर्षभर दिसल्या नाहीत. मला वाटलं, लेकीकडे गेल्या.”

बलरामने सांगितलं. हरिप्रसादने पेटीचं झाकण लावलं आणि हात जोडले.

“तिच्या पानावर तिच्या आवडीचं वाढायचंय,” बलराम म्हणाला. “ती इथं खायची ना? मला म्हणायची, मी तिथं खाल्लं.”

हरिप्रसाद गोंधळला. “इथं? कधीच नाही. रस्त्यावर उभ्याने खायला लाजायच्या. मी विचारायचो, मावशी, जोडी तर त्यांच्यासाठी, मग तुम्हाला? तर म्हणायच्या, घरी जाऊन खाते, एक ते खातील, एक मी. एकदा दिवाळीला मी तिसरी फुकट दिली. म्हटलं, ही तरी तुम्ही इथंच खा. तीही त्यांनी त्याच कागदात गुंडाळली.”

बलरामला तो दिवस लख्ख आठवला. आज तिसरी कुठली, असं त्याने विचारलं होतं, आणि तिसरीही खाल्ली होती.

आता सगळंच आठवायला लागलं, नको नको म्हणताना. कुंती समोर पाटावर बसायची, हात मांडीवर ठेवून. तो पहिली संपवायचा. मग दुसरीवर हात ठेवायचा, आणि हात ठेवल्यावर विचारायचा, “तू खाल्लीस का?” आधी कधीच नाही, नेहमी हात ठेवल्यावर. ती म्हणायची, मी तिथं खाल्लं. बारा वर्षांचे शनिवार. मिठाचा एक कण जास्त झाला तर ओळखणाऱ्या या माणसाला समोरची बाई भुकेली आहे हे बारा वर्षांत एकदाही ओळखता आलं नाही.

“बुधवारी सकाळी एक जोडी पायजे,” तो कसाबसा म्हणाला.

“मी घरी आणून देतो, तोंटोन.” तोंटोन म्हणजे काका. “मिरची किती घालू?”

बलराम सवयीने ‘सढळ’ म्हणणार होता. कुंतीला तिखट सोसायचं की नाही? मागे रांग वाढत होती. हरिप्रसाद चमचा धरून थांबला होता.

“बाजूला दे,” बलराम म्हणाला. “वेगळी.”

बुधवारी पाऊस थांबला. हरिप्रसाद सकाळीच सायकलवरून येऊन जोडी देऊन गेला. घरात केलेल्या सगळ्या पदार्थांबरोबर बलरामने ती जोडी केळीच्या पानावर वाढली, मिरचीची चटणी कडेला ठेवली आणि पान मागच्या अंगणात लिचीच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. व्हाक्वात कावळा शोधून सापडत नाही. पूर्वजांच्या वतीने पानाला शिवायचं काम तिथे साळुंक्या करतात, आणि कृष्णदेवकाकांनीसुद्धा त्यावर कधी हरकत घेतलेली नव्हती.

साळुंक्यांनी फार वेळ लावला नाही. चार-पाच उतरल्या, भांडल्या, भातावरून उड्या मारल्या. वरच्या दालपुरीचे त्यांनी लचके तोडले, खालचीची एक कड ओढली, आणि घरातून कुणीतरी भांडं आपटलं तशा उडून गेल्या.

“जेवली बाई,” कृष्णदेवकाका समाधानाने म्हणाले. “कामिनी, पान उचल गं. शेजाऱ्याच्या गाईला दे, आन् मंडळींची पानं मांड.”

कामिनी पुढे झाली, पण तिच्या आधी बलराम पानाशी गेला आणि ओल्या जमिनीवर मांडी घालून बसला. उरलेली दालपुरी त्याने हातात घेतली.

“बलराम!” काका ओरडले. “मेलेल्या मानसाच्या पानावरचं उष्टं खायचं नसतं रे!”

“ठावं हाय, काका.”

“मग काय करतोस हे? आत समदी खोळंबलीत. तुझं बी पान मांडतील आता, ऊन ऊन वाढतील.”

“तुमी जेवा. आज मी मागनं. तिचं काय उरलं ते खातो.”

त्याने एक घास तोडून तोंडात घातला आणि सवयीने डोळे मिटले. दारात माणसं जमली होती. तीही सवयीने थांबली, कारण बलरामने डोळे मिटले की एक शब्द येतो हे त्यांना ठाऊक होतं. पोळी पावसाळी हवेत केव्हाच वातड झाली होती आणि रस्सा साकळून कडेला चिकटला होता.

“गार,” बलराम म्हणाला.

“रोज गारच जेवली असंल ती,” तो म्हणाला, आणि मग म्हातारा माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. कामिनी त्याच्या शेजारी मातीत बसली. त्याने मिरचीची चटणी बोटाने दाखवली, तशीच राहिली होती. “तिला तिखट चालायचं का गं?”

दालपुरी संपेपर्यंत कामिनी तिथेच त्याच्याजवळ बसून राहिली.