खिडकीकडच्या पायाखालची पाचर

विजय नगरच्या घरातली वरची खोली बाळंतिणीसाठी होती. निदान विभावरीच्या मनात तरी तसंच होतं. लेक प्रणोतीला आठवा लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे काय कुणी सांगायला हवं? तिने गादी पिंजून घेतली, खिडकीला मच्छरांची जाळी बसवून घेतली. आणि एके दिवशी नवरा श्रीरंग हातगाडीवर चीडाच्या लाकडाच्या पट्ट्या, प्लायवूडचे तुकडे आणि कॉर्कच्या गुंडाळ्या लादून आला आणि त्याच खोलीत छोट्या रेल्वेसाठी टेबल ठोकायला बसला.

हा खेळ असता तर विभावरीने एखादे वेळी सोसलाही असता. पण ते वैर होतं, लाकडात ठोकलेलं. श्रीरंग रेल्वेत लाईनीचा इन्स्पेक्टर होता, आणि त्याचे व्याही शालिग्राम डबे तपासणारे. कधीकाळी जंगलातल्या एका वळणावर मालगाडीचे दोन डबे रुळावरून घसरले होते. माणूस मेला नाही, बैलसुद्धा नाही. पण संयुक्त तपासात शालिग्रामने लिहिलं की लाईन खाली बसली होती, श्रीरंगने लिहिलं की डब्याचं चाक झिजलं होतं, आणि साहेबांनी शालिग्रामचं मानलं. श्रीरंगचं प्रमोशन गेलं ते गेलंच. त्यावर कडी म्हणजे पुढे त्याच शालिग्रामच्या आलोकशी प्रणोतीने लग्न केलं, आणि दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांना व्याहीबुवा म्हणावं लागलं. म्हणताना दोघांच्याही दाढा आवळलेल्या असत.

डोहाळजेवणात तर हद्द झाली. ओटी भरायच्या वेळी दोघं त्या वळणावरून हमरीतुमरीवर आले. शेवटी श्रीरंग सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "तेच वळण घरी बांधून दाखवतो. गाडी पडली तर टेबल मोडीन आणि मान खाली घालून तुमच्या दारी येईन, पोरीला हात धरून माहेरी आणीन. नाही पडली तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचं, लाईन ठीक होती."

"म्हणीन न," शालिग्राम म्हणाला. "पडेलच ती."

प्रणोती हिरव्या साडीत रडत बसली होती. तिने आईला बाजूला घेऊन सांगितलं, "मेरे बस का नहीं है, आई. यांचं संपेपर्यंत मी तिकडे येत नाही."

तेव्हापासून विभावरीच्या घरात करवत चालू होती. आधी सांगाडा झाला, मग त्यावर आडव्या पट्ट्या, त्यांवर कमीजास्त उंचीचे ठोकळे, ठोकळ्यांवर प्लायवूड. त्यावर कॉर्कची पट्टी दोन्ही कडांनी उतरती कापून चिकटवली, म्हणजे रुळाखालचा भराव झाला. वळणावर बाहेरचा रूळ जरासा उंच ठेवायचा असतो. त्या जरासाठी श्रीरंगने सबंध आठवडा घालवला. खडी चाळायला त्याने विभावरीची रव्याची चाळणी नेली. विचारलंही नाही. नातवंडाच्या पाळण्याला कडी लावायची आहे म्हणून ती महिनाभर सांगत होती, तर त्याला वेळ नव्हता.

ती खोली पूर्वी उघडी गच्ची होती, त्यामुळे जमिनीला खिडकीखालच्या मोरीच्या बाजूला उतार. खिडकीकडचा टेबलाचा पाय अधांतरी राहायचा. श्रीरंगने त्याखाली लाकडाची एक पाचर ठोकली. शर्तीचं वळण नेमकं त्याच कोपऱ्यात होतं.

रविवारी सकाळी विभावरी तिथली फरशी पुसत होती. व्याही यायचे होते, घाण कशी ठेवायची? पोछा पायाशी अडला. पाचर हाताला लागली. हात मागे घेता आला असता. तिने घेतला नाही. हा माणूस जिंकला तर मरेपर्यंत मिरवेल आणि टेबल देव्हाऱ्यासारखं पुजेल, हे तिला लख्ख दिसत होतं. हरला तर खोली मोकळी होईल आणि लेक घरी येईल. तिने पाचर दोन्ही बाजूंनी हलवून ओढली आणि कमरेला खोचली. टेबल त्या कोपऱ्यात केसभर खाली बसलं. तिला जराही वाईट वाटलं नाही.

शालिग्राम महाराजपूरच्या आपल्या घरून स्कूटरवर आला.

"या व्याहीबुवा, चष्मा आणला न? नाही तर म्हणाल दिसलंच नाही."

"चष्मा तेव्हाही होता," शालिग्राम म्हणाला. "तुमच्या लाईनीतला खड्डा त्यातूनच दिसला होता."

विभावरीने चहा ठेवला. कुणी कपाला हात लावला नाही. श्रीरंगने बटण फिरवलं. इंजिन निघालं, मागे डबे, सरळ लाईन झाली, वळण आलं, आणि मधले दोन डबे कलून खडीत लोळले.

शालिग्राम हसला. ते हसू विभावरीलाही झोंबलं, पण तिने मनातल्या मनात पाळणा टांगायला घेतला होता.

"डब्यात खोट आहे," श्रीरंग म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"डबा तुम्हीच आणला. लाईन बसली तुमची."

"बसूच शकत नाही. मी माझ्या हातानं बांधून राहिलो महिनाभर."

मग दोघं निवृत्त अधिकारी गुडघे धरत, कण्हत टेबलाखाली शिरले. बराच वेळ विभावरीला दोन पाठीच दिसत होत्या.

"पाचर कुठं गेली? काल मी स्वतः ठोकली होती."

"मग गेली कुठं? पाय फुटले काय तिला?"

दोघांची डोकी एकाच वेळी बाहेर आली आणि दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी काढली," विभावरी म्हणाली. "पोरगी घरी यावी म्हणून. अजून काहून विचारता?"

ओरडतील असं तिला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. शालिग्रामने हात झटकले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "ये तो बाहर वाले की तोडफोड है."

"बिलकुल घातपात," श्रीरंग म्हणाला. "म्हणजे लाईन ठीक होती."

"आणि डबाही ठीक होता, हेही म्हणा."

"दोन्ही ठीक. बाहेरच्यानं बिघडवलं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं. श्रीरंगने स्वतः उठून व्याह्याला खुर्ची दिली. शालिग्रामने निवलेला चहा चवीने घेतला.

"मग टेबल मोडणार न?" विभावरीने विचारलं.

"काहून? तोडफोडीत शर्त लागू होत नाही."

"बराबर आहे," शालिग्राम म्हणाला. "पुढच्या रविवारी फिरून चाचणी घेऊ. आणि व्याहीबुवा, तोवर खोलीला कुलूप घाला."

बाहेरची. या घरात भाताच्या पहिल्या वाफेपासून रात्रीच्या कडीकोयंड्यापर्यंत सगळं जिच्या हातून झालं, ती बाहेरची. विभावरीचा संताप संताप झाला. वैर असताना निदान नवरा तरी तिचा होता.

ती खाली आली. बाळंतिणीसाठी आणून ठेवलेला डिंक, खारीक, आळीव तिने पिशवीत भरलं. चार साड्या, पाळण्याची दोरी घेतली. गॅसचं बटण बंद करून डाळ अर्धीकच्ची सोडली आणि कोपऱ्यावरून ऑटो धरली.

महाराजपूरला दार प्रणोतीनेच उघडलं. पोट सांभाळत ती एकदम घाबरली. "आई, तू अचानक? क्या हुआ? भांडले काय फिरून?"

"नाही. तुझे बाबा आणि सासरे एक झाले."

"सच में? मग मी येऊ तिकडे?"

"नको," विभावरी म्हणाली आणि चप्पल काढून आत आली. "मी इथं आले. तुझ्या सासऱ्यांची खोली रिकामी कर. ते आता आमच्याकडेच बसतील."

दुपार टळली तसा फोन वाजला. श्रीरंग होता. मागून छोट्या रेल्वेची घरघर ऐकू येत होती.

"अगं, कुठं आहेस? व्याहीबुवा जेवायचे थांबलेत. आणि ती पाचर कुठं ठेवली? टेबल हलून राहिलं."

पाचर अजून तिच्या कमरेला टोचत होती. तिने ती काढली आणि प्रणोतीच्या उशाशी ठेवली.

"दोघं आहात न," ती म्हणाली. "संयुक्त तपास करा."